खिडकीवरचा डाग आधी ओळखा, मग पुसा

पावसाळा ओसरला की वाडीतल्या घराघरांत खिडकीवरचा कूलर उतरतो. तो उतरला की मागची काच दिसते, आणि काच दिसली की घरच्या बाईचा जीव वरखाली होतो. पांढरे ओघळ, चिकट काळा थर, कडेला गंजाची रेघ. इकडे अशोक विजयादशमी तोंडावर आलेली असते. अमरावती, अकोल्याकडून दीक्षाभूमीला निघालेले नातलग मुक्कामाला येणार असतात. वाडी अमरावती रोडवरच असल्यामुळे त्या बाजूने येणाऱ्यांना पहिले घर आपलेच लागते. पाहुण्यांच्या आधी घर उजळावे असे वाटणे स्वाभाविकच आहे.

मग साबण होतो, वर्तमानपत्र होते, राख होते. डाग काही हलत नाही. अशा वेळी शेजारून कोणीतरी सांगते, "ॲसिड टाक ना बाई, एका मिनिटात निघते." आजचे हे पान त्या एका मिनिटासाठी लिहिले आहे.

आमच्या ओळखीतल्या एका भगिनीने हेच केले होते. न्हाणीघराच्या छोट्या खिडकीवर पांढरे डाग होते. तिने ॲसिड लावले. डाग गेला नाही म्हणून त्यावरच ब्लीचिंग पावडर टाकली. आत पाणी उडू नये म्हणून दार लावून घेतले होते. क्षणात घसा आवळला, डोळ्यांची आग झाली. कशीबशी बाहेर पडली म्हणून वाचली. दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले, खोकला महिनाभर राहिला. डाग मात्र तसाच. कारण तो वरून बसलेला डाग नव्हताच. वरच्या नव्या गिलाव्यातून झिरपलेल्या पाण्याने काचच खाल्ली होती. ती कशानेही पूर्ववत झाली नसती.

आजार न ओळखता औषध देऊ नये, हे आपल्याला पटते. डागाचेही तसेच आहे.

पांढऱ्या फडक्याची परीक्षा

दोन पांढरी सुती फडकी घ्या. साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा. एकाने काच आतून पुसा, दुसऱ्याने बाहेरून. मग दोन्ही शेजारी धरून पाहा.

आतले फडके पिवळट-काळे आणि चिकट झाले, तर तो धूर आपल्या घरातला आहे. फोडणीचा, चुलीचा, मच्छर अगरबत्तीचा. बाहेरचे फडके काजळीसारखे काळे झाले, तर ती धूळ आणि धूर रस्त्यावरचा आहे. दोन्ही फडकी जवळपास स्वच्छ निघाली आणि तरी काचेवर पांढरे डाग कायम राहिले, तर ते पाण्यातले क्षार आहेत.

जे काचेवर बसते, त्यातलेच काही आपण श्वासाबरोबर आत घेत असतो. काच पुसता येते, फुप्फुस पुसता येत नाही. म्हणून डाग घालवण्याइतकेच तो कुठून आला हे कळणे महत्त्वाचे आहे.

पांढरा डाग : पाण्यातला चुना

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी वाळले की उडून जाते ते फक्त पाणी. क्षार जागेवरच राहतात आणि चुनखडीसारखे घट्ट बसतात. डाळ लवकर न शिजणे, साबणाला फेस न येणे आणि काचेवर पांढरे ओघळ, ही तिन्ही एकाच जड पाण्याची लक्षणे आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार असा जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो.

कूलरचा हिशेब करून पाहा. लिटरमागे 400 मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी धरू. कूलर दिवसाला 40 लिटर पाणी उडवत असेल, तर रोज 16 ग्रॅम क्षार मागे राहतात. दोन महिन्यांत ते किलोभर होतात. काही वाळ्याच्या ताटीत अडकतात, काही टाकीच्या तळाशी बसतात आणि उरलेले शिंतोड्यांसोबत काचेवर आणि गजांवर जातात. नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हात ते भाजून निघतात, म्हणून साबणाने हलत नाहीत.

साबण तेल सोडवतो, चुना नाही. चुन्याला सौम्य आंबट पदार्थ लागतो. घरात पांढरा शिरका असेल तर त्यात तितकेच पाणी मिसळा. शिरका नसेल तर किराणा दुकानातले लिंबूसत्त्व एक चमचा घेऊन ग्लासभर कोमट पाण्यात विरघळवा. जुने सुती फडके त्यात भिजवून काचेवर चिकटवून ठेवा. पंधरा-वीस मिनिटे हात लावू नका. बारीक बुडबुडे दिसले तर समजा की क्षार विरघळत आहेत. मग मऊ फडक्याने गोल गोल चोळा, साध्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरड्या कपड्याने पुसा. थर जुना असेल तर हेच दोन-तीन वेळा करावे लागते. जोर लावून काही होत नाही, वेळ दिला की होते.

एक काळजी घ्या. पुष्कळ घरांत खिडकीखाली कडप्पा, शहाबादी किंवा कोटा फरशी असते. हे दगड चुन्याच्याच जातीचे आहेत. त्यावर शिरका सांडला तर फरशीची चमक जाते आणि पांढरट चट्टा राहतो. म्हणून आधी फरशीवर प्लास्टिक आणि त्यावर जुने कापड अंथरा.

चिकट काळा डाग : आपल्या चुलीचा

स्वयंपाकाच्या खिडकीवरचा डाग बहुधा आतल्या बाजूने असतो. फोडणीच्या तेलाची वाफ काचेवर बसते, तिच्यावर धूळ आणि धूर चिकटतो. इथे शिरका निरुपयोगी आहे. अर्धी बादली कोमट पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि थोडे भांडी धुण्याचे द्रावण घाला. फडक्याने लावून पाच मिनिटे थांबा, मग पुसा आणि साध्या पाण्याने दोनदा धुवा. हातात रबरी मोजे घाला, कारण सोड्याने कातडी सोलते. खिडकीची चौकट ॲल्युमिनियमची असेल तर तिला सोडा लागू देऊ नका, ती काळी पडते. तिथे नुसते साबणाचे पाणी पुरते.

हा थर महिन्याभरातच परत येत असेल, तर स्वयंपाकघरातली हवा बाहेर जात नाही असे समजावे. लाकूड, गोवरी किंवा कोळशावर स्वयंपाक होत असेल तर त्या धुराचा सर्वाधिक त्रास चुलीपाशी बसणाऱ्या बाईला आणि तिच्या जवळच्या लहान मुलाला होतो. दम लागणे, सततचा खोकला, लेकरांना न्यूमोनिया यांच्याशी चुलीच्या धुराचा थेट संबंध आहे. तळण-फोडणीच्या वेळी खिडकी आणि समोरचे दार दोन्ही उघडे ठेवा. एका बाजूने हवा आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर गेली तरच धूर निघतो. मच्छर अगरबत्ती बंद खोलीत रात्रभर जाळू नका, मच्छरदाणी बांधा.

कोरडी काळी काजळी : रस्त्याची

वाडी म्हणजे ट्रान्सपोर्टची, गोदामांची आणि ट्रकांची वस्ती. अमरावती रोडकडे तोंड असलेल्या खिडकीची बाहेरची बाजू आठ दिवसांत काळवंडते. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली जाहीर केले. ही काजळी इतकी बारीक असते की कोरड्या फडक्याने झटकली की घरभर उडते आणि थेट छातीत जाते. म्हणून काच, गज आणि जाळी कधीही कोरडी झटकू नका. ओल्या, पिळलेल्या फडक्याने वरून खाली पुसा. लहान मुले आणि दम्याचा रुग्ण यांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवा.

रस्त्याकडची खिडकी ट्रकांच्या गर्दीच्या वेळी बंद आणि गल्लीकडची उघडी, एवढे केले तरी फरक पडतो. वस्तीत कचरा जाळला जात असेल, रस्त्याची माती महिनोन् महिने उचलली जात नसेल, तर महिला मंडळाने नगर परिषदेकडे लेखी अर्ज द्यावा. हे पुसणे एकट्या घरच्या बाईचे काम नाही.

इतर डाग थोडक्यात

*रंगाचे आणि सिमेंटचे ठिपके* : काच आधी साबणाच्या पाण्याने चांगली ओली करा. नवे ब्लेड तिरके धरून एकाच दिशेने सरकवा. कोरड्या काचेवर ब्लेड चालवले की ओरखडे पडतात. सिमेंटचा शिंतोडा ओला असतानाच पुसला तर पाच मिनिटांचे काम, वाळला तर पाच दिवसांचे.

*गंज* : गजांवरून उतरलेली तपकिरी रेघ लिंबाच्या रसाने आणि मऊ ब्रशने निघते. बिननावाच्या बाटलीतले गंज काढण्याचे द्रव आणू नका. अशा काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते काचही खाते आणि कातडीतून हाडापर्यंत जाते.

*बुरशी* : न्हाणीघराच्या खिडकीच्या कडेचे हिरवे-काळे ठिपके साबणाने घासून कोरडे करा. ओल राहिली तर बुरशी परत येणार, म्हणून आंघोळीनंतर खिडकी उघडी ठेवा.

*जुना रंग* : लाकडी-लोखंडी चौकटीचा जुना तेलरंग कोरडा खरवडू नका. रंगातल्या शिशाची मर्यादा घालणारा नियम 2017 साली लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. पाणी मारून ओला करूनच खरवडा, खपल्या गोळा करून टाका.

*न जाणारा डाग* : पाणी लावले की दिसेनासा होतो, वाळला की पुन्हा दिसतो, आणि दोन-तीनदा शिरका लावूनही हटत नाही, तर काचेचाच पृष्ठभाग खराब झाला आहे. तिथे थांबा. ती काच घाणेरडी नाही, झिजलेली आहे.

राख, रांगोळी, वाळू आणि तारेची घासणी काचेवर वापरू नका. त्यांतले कण काचेवर चरे पाडतात, आणि त्या चऱ्यांत पुढचा मळ अधिक घट्ट बसतो. खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट चालते. उन्हात काच धुवू नका. पाणी पुसण्याआधीच वाळते आणि नवे डाग पडतात. सकाळची वेळ चांगली.

हे कधीही करू नका

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद जागेत तो जीव घेऊ शकतो. शिरका किंवा लिंबूसत्त्वही ब्लीचिंगमध्ये मिसळू नका, तोच वायू निघतो. काच पुसण्याच्या काही तयार द्रवांत अमोनिया असतो. त्यात ब्लीचिंग मिसळले तरी विषारी वायू निघतो. साधा नियम लक्षात ठेवा : एका दिवशी एका जागेवर एकच औषध, आणि दुसरे वापरायचेच असेल तर आधी भरपूर पाण्याने धुऊन.

2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. घेणाऱ्याचे ओळखपत्र आणि दुकानदाराकडे नोंद आवश्यक केली. तरीही संडास साफ करायचे ॲसिड जुन्या पाण्याच्या बाटलीत भरून घरी येते आणि मोरीजवळ ठेवले जाते. तहानलेले लेकरू बाटलीचा आकार ओळखते, आतला द्रव ओळखत नाही. असली बाटली घरात असेल तर आजच तिची जागा बदला, कुलपात ठेवा.

वायू छातीत गेला तर लगेच मोकळ्या हवेत जा. डोळ्यात किंवा अंगावर द्रव उडाला तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटे धुवा. पोटात गेला तर उलटी करवू नका, कारण येताना तो घसा पुन्हा जाळतो. 108 ला फोन करा, मेडिकल किंवा मेयोला न्या, आणि बाटली सोबत घ्या.

दुसरा धोका विजेचा. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे जातात. कूलर असलेली खिडकी पुसताना नुसते बटण बंद करून भागत नाही, पिन काढा. पायात चप्पल, हात कोरडे, आणि मगच कूलरच्या पत्र्याला हात. अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

कूलर ठेवून देण्याआधी टाकी आतून घासा. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरड्यात काही महिने जिवंत राहतात आणि पुढच्या एप्रिलला पाणी लागले की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून उन्हाळ्यातही आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करून घासावी आणि कोरडी करावी. यात दुहेरी लाभ आहे. डास होत नाहीत, आणि पाणी नवे राहिल्याने काचेवरचे क्षारही कमी बसतात.

दुसऱ्याच्या घरच्या काचा

दत्तवाडी असो की आठवा मैल, आपल्या कितीतरी भगिनी दुसऱ्यांच्या फ्लॅटमध्ये धुण्याभांड्याचे काम करतात. सणाच्या आधी तिथल्या काचाही त्यांच्याच हातून स्वच्छ होतात. तिथे कोणते द्रव हातात दिले जाते, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. बाटलीवरचे नाव वाचा किंवा मुलीकडून वाचून घ्या. मोजे मागा. खिडकी उघडी ठेवा. उंच मजल्यावर गजाबाहेर वाकून काच पुसायला सांगितले तर नाही म्हणा. घरकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. काम लहान समजले जात असले तरी ते करणाऱ्या बाईचे डोळे आणि फुप्फुसे लहान नाहीत.

पुसली, आता उघडा

विनयपिटकाच्या महावग्गात शिष्याने उपाध्यायांचा विहार कसा स्वच्छ करावा हे बारकाईने सांगितले आहे. आधी सामान बाहेर काढायचे, जळमटे काढायची, मग खिडक्या आणि कोपरे पुसायचे. भिंतीवर डाग असेल तर फडके भिजवून, पिळून पुसायचे. जमीन झाडण्याआधी पाणी शिंपडायचे, म्हणजे धूळ उडत नाही. पुढे तर ज्या दिशेने धुळीचा वारा येतो त्या दिशेची खिडकी लावावी, असेही आहे. थंडीत खिडक्या दिवसा उघड्या आणि रात्री बंद, उन्हाळ्यात दिवसा बंद आणि रात्री उघड्या. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम नागपूरच्या मे महिन्याला तंतोतंत लागू पडतो.

यातून एक गोष्ट कळते. खिडकी पुसणे हे शोभेचे काम नव्हते, आत राहणाऱ्याच्या सुखाचे होते. आपल्याकडे मात्र अनेक घरांत कूलर गेला तरी खिडकीला ठोकलेले प्लायवूड किंवा पुठ्ठा वर्षभर तसाच असतो. आत अंधार, कोंडलेली हवा आणि सहा माणसे. क्षयरोगाचे जंतू अशाच हवेत एकाकडून दुसऱ्याकडे जातात. मोकळी हवा खेळली की ते विरळ होतात. घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. आणि तो पुठ्ठा आजच काढा.

पाहुणे येतील तेव्हा काचेवर एखादा झिजलेला डाग राहिला असेल, तर राहू द्या. त्यांना पाणी द्या, खिडकी उघडा, आणि त्यांच्याजवळ येऊन बसा. त्यांना भेटायला घरातली बाई धडधाकट असावी, एवढी स्वच्छता पुरे आहे.